समोरच्या घरातली प्रत

वीज खात्यात माझी सगळी नोकरी लोकांच्या तारा बघण्यात गेली. कोणाच्या मीटरचं सील तुटलंय, कोण अंधार पडला की खांबावरच्या तारेला आकडा टाकतो, कोणाच्या घरी बिल दोन बल्बांचं येतं आणि खिडकीत मात्र कूलर घरघरतो, हे हुडकायचं काम. त्या कामानं पगार दिला, पेन्शन दिली आणि एक स्वभाव दिला, तो मात्र निवृत्त होताना खात्यात जमा करता आला नाही. बायको म्हणते, हा माणूस देवळात गेला तरी आधी चपलांकडे पाहतो आणि मग देवाकडे. खरं आहे. चपला देवाच्या भरवशावर सोडणारी माणसं मी पाहिलीत आणि तीच माणसं अनवाणी घरी जातानाही पाहिलीत.

त्यामुळे आमच्या घरातून एक तार निघून गल्लीवरून समोरच्या घरात जाईल असं लेकीनं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो आकडा.

लेक पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माझी आई गेली त्याच वर्षीच्या दिवाळीला ती आमच्या गावी, वरवट बकालला, घरी आली होती. मधल्या खोलीतला माझा कॉम्प्युटर तिनं सुरू केला, कान लावून ऐकला आणि म्हणाली, बाबा, हा आतून टकटक करतोय, हा कधीही बसेल. त्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या घरचं सगळं होतं. शेताचे कागद, लग्नांचे फोटो, आणि आमच्या घराण्याची वंशावळ. ही वंशावळ मी निवृत्त झाल्यापासून टाइप करत होतो. कोण कुठून आला, कोणाला किती मुलं, कोणती मुलगी कोणत्या गावाला दिली, असं सगळं. माझं म्हणणं होतं की पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवू. लेक म्हणाली, पेन ड्राइव्हवर घ्यायची आठवण तुम्हाला दोन दिवस राहील. आपोआप जायला हवं, आणि दुसऱ्या छपराखाली जायला हवं. मागच्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा आमचा टीव्ही, फ्रिज आणि पाण्याची मोटार एकाच झटक्यात गेली होती, त्यामुळे छपराचा मुद्दा मी मान्य केला.

दुसरं छप्पर म्हणजे समोर राहणारा माझा धाकटा भाऊ. त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, म्हणजे लोखंडी गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. दुकान पुढे, घर मागे. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून लाइन गेली तरी मशीन चालू राहतं. लेकीनं तिचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर झटकून पुसून त्याच्या दुकानाच्या टेबलावर मांडला. भावानं दोन्ही घरांच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभे केले, कुटारानं, म्हणजे गुरांच्या भुशानं, भरलेली ट्रॉली खालून जाईल इतक्या उंचीवर तार ताणली आणि खाली उतरून माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. जन्मभर असल्या तारा उतरवल्या आणि आता माझ्याच घरातून एक निघाली होती.

लेकीनं मला सगळं समजावून सांगितलं. रोज दुपारी, इकडे जे नवीन आलं असेल किंवा बदललं असेल, ते आपोआप तिकडे जाईल. मी विचारलं, आणि मी इकडून एखादी गोष्ट काढून टाकली तर? ती म्हणाली, तिकडे राहील. मुद्दाम तसं ठेवलंय, तुमच्या हातून चुकून काही उडालं तर तिकडून परत आणता येईल. मग मी विचारलं की तिकडे कुलूप काय लावलंय.

ती म्हणाली, "काकाकडेच तर आहे बाबा, कुलूप कशाला?"

हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलं होतं. शेजारच्यालाच तर दिलीय लाइन साहेब, सील कशाला. पण दिवाळी होती, पोरगी चार दिवसांसाठी आली होती, म्हणून मान डोलावली.

ती गेली आणि आठवड्याभरानं, दाढी करताना, मला तो व्हिडिओ आठवला. वस्तरा खाली ठेवला आणि अर्ध्या दाढीनिशी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो.

व्हिडिओ आईचा होता, तिच्या शेवटच्या उन्हाळ्यातला. वंशावळीत आईच्या माहेरची नावं अडली होती. आईचं वय झालं होतं, नजर पार अधू झाली होती, म्हटलं आता विचारून घ्यावं. मोबाइल सुरू केला, तिच्या खाटेसमोर उभा राहिलो आणि विचारलं, आई, तुझ्या आजीचं नाव काय होतं? आजीचं नाव तिनं सांगितलंच नाही. ती काहीतरी पुटपुटली आणि मग स्पष्ट आवाजात बोलू लागली.

"तो येतच नाही रे बाबू. इथंच राह्यते, जवळ, पन येत नाही. दिवसभर त्याची खटखट आयकू येते मले. वाट पाहून राह्यली मी. त्याले सांगू नको पन. वाईट वाटंन त्याले."

इथे मी मोबाइल बंद केला होता. वंशावळीच्या कामाचा म्हणून तो व्हिडिओ मी कॉम्प्युटरवर उतरवला, मोबाइलमधला पुसला, आणि त्यानंतर एकदाही लावला नाही. पावसाळा सरता सरता आई गेली.

बाबू म्हणजे कोणाचं नाव नाही. आमच्याकडे पोराला बाबूच म्हणतात, मग तो साठीचा झाला तरी. आणि तो म्हणजे कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी तर तिच्यासमोर उभा होतो. मी त्याच घरात राहत होतो, तिच्या औषधांच्या वेळा मी कागदावर मोठ्या अक्षरात टाइप करून भिंतीला लावल्या होत्या. न येणारा एकच होता. गल्लीपलीकडे राहायचा, दिवसभर लोखंड ठोकायचा आणि सणावारी पाया पडून जायचा.

भावाशी माझं भांडण नव्हतं. पण बोलणंही फारसं नव्हतं. आईच्या तेराव्याला तो कोपऱ्यात बसून लहान पोरासारखा रडला होता, तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं की आता रडतोस, तेव्हा का आला नाहीस? पण आईनं सांगू नको म्हटलं होतं. मी गिळलं. व्हिडिओ पुसून टाकायचाही विचार आला होता, पण आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटो पुष्कळ होते, आवाज तेवढाच. म्हणून तो तसाच ठेवला होता, ना ऐकायला ना टाकायला.

आणि आता माझ्या हुशार लेकीनं तो उचलून, ज्याला ऐकू जायला नको त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवला होता. कुलूप न लावता.

मी उपाय शोधायला लागलो. इकडून पुसला तर तिकडे राहणारच होता, हे लेकीनं अभिमानानं सांगितलं होतं. मग नाव बदलावं असं ठरवलं. कोणी ढुंकूनही बघणार नाही असं नाव हवं होतं. मी त्या व्हिडिओला नाव दिलं, जुनी वीज बिलं. जगात ज्याला कोणी आपण होऊन हात लावत नाही अशी वस्तू मला एवढीच ठाऊक होती. समाधानानं चहा प्यालो. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, की एखाद्या फाइलचं नाव बदललं तर तिकडे काय होतं? ती म्हणाली, तिकडे जुन्या नावाची राहते आणि नव्या नावानं अजून एक जाते. म्हणजे भावाच्या घरी आता एकाचे दोन झाले होते.

त्या डब्याला, म्हणजे तार जिथे खोचली होती त्या छोट्या पेटीला, एक हिरवा दिवा होता. मी काही करत नसलो तरी तो लुकलुकायचा. मी कॉम्प्युटरवरून हात काढून मांडीवर ठेवून बघायचो, तरी लुकलुक चालूच. लेक म्हणाली, ती मशीनं आपसात बोलत असतात. मी म्हटलं, हेच तर मला नकोय. बायको दारातून म्हणाली की त्या दिव्याकडं बघता तसं कधी माह्याकडं पाह्यलं असतं तर संसार सुखाचा झाला असता.

शेवटी एके दिवशी समोर गेलो. निमित्त काढलं की मशीनला धूळ बसली असेल, पाहून घेतो. दोन गिऱ्हाइकं गेटचं माप घेऊन बसली होती. भाऊ उठला, स्टूल पुसून दिलं आणि स्वतः मागेच उभा राहिला. त्याच्यासमोर ती फाइल शोधणार कशी? मी उगाच पंखा साफ केल्यासारखं केलं. तेवढ्यात टेबलाच्या खिळ्याला लटकलेली एक वस्तू दिसली आणि मनात पाल चुकचुकली. कानात घालायची नळी होती, इअरफोन. माझ्या भावाला गाण्याचा शौक नाही, सिनेमाचा नाही. ग्राइंडरच्या कर्कश आवाजात जन्म गेलेल्या माणसाला अचानक काय ऐकायचंय? मी विचारलं, हे कशाले? तो म्हणाला, असंच. असंच म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. नोकरीत मी या एका शब्दावर लोकांच्या घराची कौलं वर करून पाहिली होती.

त्यानंतर भाऊ आमच्याकडे यायला लागला.

आधी कधी न येणारा माणूस रोज संध्याकाळी दुकान बंद करून, हातपाय धुऊन, आमच्याकडे येऊन आईच्या खाटेवर बसू लागला. बोलायचा काही नाही. माझी तब्येत विचारायचा. झोप लागते का विचारायचा. वंशावळ कुठपर्यंत आली विचारायचा, ज्या वंशावळीची त्यानं आजवर टर उडवली होती. कधी तुरीच्या शेंगा घेऊन यायचा, कधी मेथीची जुडी. चहा प्यायचा आणि जायचा. जाताना दारात एकदा थांबायचा, काही सांगायचंय असं तोंड करायचा, आणि चपला घालायचा.

मला कोडं पडायचं कारणच नव्हतं. त्यानं ऐकलं होतं. आई म्हणाली तो येत नाही, म्हणून आता येत होता. आई होती तेव्हा आला नाही आणि आता रिकाम्या खाटेला हजेरी लावत होता. खोटं कशाला सांगू, मला थोडं बरंही वाटलं. पण त्याहून जास्त भीती वाटली. तो खाली मान घालून बसला की वाटायचं, आता बोलणार, की भाऊ, आई असं म्हणाली आणि तू मले सांगितलं नाही. मग मी काय सांगणार होतो? आईनंच नको म्हटलं होतं हे खरं होतं, पण ते त्याला पटेल का? आणि आईचं ते वाक्य घेऊन तो जन्मभर लोखंड ठोकत बसेल, हे माझ्याच्यानं बघवलं नसतं. चिडलो होतो तरी धाकटा होता.

मी बायकोला हे सगळं सांगितलं, व्हिडिओचं सोडून. कुठंतरी पाणी मुरतंय असं म्हणालो. ती शेंगा सोलत होती. म्हणाली की भाऊ भावाकडं येऊन राह्यला, त्यात पानी कुठं मुरलं? तुमाले शेंगा आनल्या त्याचंही मीटर लावा.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. एका दुपारी मी मधल्या खोलीत होतो आणि धाकटी सून, म्हणजे भावाची बायको, मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. ती माझ्याशी थेट बोलत नाही. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद, ही जुनी पद्धत आता शिकलेल्या सुना पाळत नाहीत, ही पाळते. नवऱ्याचं नावही घेत नाही. त्यामुळे तिचं बोलणं नेहमी माझ्या बायकोशी आणि त्यांनी, ह्यांनी असंच असतं. पापडाच्या पिठाचं काहीतरी चाललं होतं. मध्येच आवाज खाली आला आणि मला एवढं ऐकू आलं.

"आत्याबाईचा तो व्हिडिओ त्यायनं काढला ना बाई. कवाचाच काढला."

आत्याबाई म्हणजे सासू, माझी आई. काढला. आमच्या भाषेचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. फोटो काढणं म्हणजे फोटो घेणं आणि फोटो काढणं म्हणजे तो भिंतीवरून उतरवून टाकणं. दात काढतात तो तोंडातून जातो आणि कर्ज काढतात ते घरात येतं. पण हा व्हिडिओ तर मीच घेतलेला, तो ह्याला नव्यानं घेता येणार नव्हता. म्हणजे अर्थ एकच उरला. त्यानं ऐकला, त्याला तो झोंबला आणि त्यानं तो पुसून टाकला. आईचा आवाज पुसला. आणि माझ्या मशीनमध्ये आधीच टकटक सुरू होती.

मी पहिल्यांदा माझ्याकडचा शोधला. जुनी वीज बिलं जागेवर होती, जीव भांड्यात पडला. पण माझी प्रत शाबूत आहे म्हणून त्याचा गुन्हा कमी होत नव्हता. चपला घातल्या आणि भर उन्हात गल्ली ओलांडली.

भाऊ दुकानात एकटाच होता, जेवून जरा टेकला होता. मला बघून उठून बसला. मी पाणीही घेतलं नाही. विचारलं, आईचा व्हिडिओ काढला म्हन्ते तू? त्याचा चेहरा उतरला. हाव म्हणाला. मी विचारलं, कोनाले विचारून? तो म्हणाला की माह्या मोबाइलात काढून घेतला, तुह्याकडचं मशीन बसलं तर आईचा आवाज जाईन म्हनून. मग खिशातून मोबाइल काढून त्यानं दाखवला. पुसला नव्हता. टेबलावरच्या मशीनमध्येही दोन्ही नावांनी तो जसाच्या तसा होता.

पुसला नव्हता, पण उघडला होता. मी विचारलं, की एवढ्या फायलींत तुले हाच कसा सापडला? मी तर त्याले बिलांचं नाव देल्लं होतं.

"बिलं म्हनूनच तर उघडला, भाऊ. दुकानाले मोठं मीटर घ्याचं होतं, घरचं जुनं बिल मांगत होते. म्हनलं तुह्याकडं नीट लावून ठेवलेली असतीन."

अख्ख्या जिल्ह्यात वीज बिलं शोधणारा एक माणूस होता आणि तो माझ्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला बसला होता.

मग मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. त्यानं ऐकलंच आहे, तर निदान मी का लपवला ते तरी त्याला कळू दे. आवाज शक्य तितका सौम्य ठेवला.

"तुले वाईट वाटंन म्हनून लपवला होता मी. आईनंच सांगू नको म्हनलं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"मले? मले काऊन वाईट वाटंन?"

मी म्हटलं, तो येत नाही म्हणाली ना ती. भावानं मान खाली घातली. टेबलावरचं एक नट-बोल्ट उचलून उगाच फिरवत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, भाऊ, मी त्याच भीतीनं इतक्या दिवसापासून तुह्याकडं येऊन बसून राह्यलो. सांगू का नको, सात-पाच करत. आईनं मले म्हनलं होतं, सांगू नको.

मले, म्हणाला तो. मला वाटलं त्याची जीभ घसरली.

त्यानं खिळ्यावरचा इअरफोन काढला, मोबाइलला लावला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, पयल्यापासून आयक. कूलरच्या आवाजात नीट येत नाही, यानं येते.

मी कानात घातला. आधी कूलरची घरघर आली. मग माझाच आवाज आला, आई, तुझ्या आजीचं नाव काय होतं? आणि त्यानंतर ती पुटपुट, जी मी त्या दिवशी समोर उभा असूनही ऐकली नव्हती, कारण मोबाइल सरळ धरण्यात माझं लक्ष होतं. आता ती कानाच्या आत बोलली.

"आला का लायन्या? बस."

लायन्या म्हणजे लहाना, धाकटा. आम्ही दोघंही तिचे बाबू, पण लायन्या एकच होता. मला ती जन्मात कधी लायन्या म्हणाली नव्हती. पुढे तेच सगळं. तो येतच नाही रे बाबू. इथंच राह्यते, जवळ. दिवसभर त्याची खटखट आयकू येते मले.

मी इअरफोन काढून परत भावाकडे दिला. खोटं का बोलू, तेव्हाही माझ्या मनात आलं की आजकाल आवाज कसेही जोडता येतात. पण भावाला तर त्या कॉम्प्युटरवर बिल शोधता येत नव्हतं. मी म्हटलं, तिची नजर गेली होती, तिनं माणूस चुकीचा धरला असंन. तो म्हणाला, चुकीचाच धरला ना भाऊ. तुह्या जागी मले धरलं. त्या दिवसात ती नेहमीच धरे.

मग मी विचारलं, तू तर येतच नव्हता, मग तुले काय मालूम ती कोनाले काय धरे? तेव्हा तो म्हणाला, दुपारी येत होतो मी. जेवनाच्या सुट्टीत, मागच्या दारानं. तू आत कामात राह्यत होता, म्हनून आवाज देत नव्हतो.

मी त्याच्या दुकानाकडे बघितलं. कोपऱ्यात वेल्डिंगचं मशीन होतं, त्याचा चरचर आवाज सगळी गल्ली ओळखते. ग्राइंडर होता, तो किंचाळतो. हातोडा होता, तो ठणठणतो. हे आवाज मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. यातलं काहीच खटखट करत नाही. खटखट आमच्या घरात होती. खात्यातून निवृत्त होताना मी जुना, जाड बटणांचा कीबोर्ड विकत घेतला होता, कारण नव्यावर माझी बोटं बसत नव्हती. त्याची टेबलावरची खटखट आईच्या खाटेपर्यंत पोचत होती. मध्ये फक्त दार होतं, आणि कूलरची हवा वाया जाऊ नये म्हणून मी ते लोटून घेत असे.

भावानं विचारलं, काढून टाकू का भाऊ? दोन्हीकडून टाकतो, कोनालेच मालूम पडनार नाही. काढून ठेवणं आणि काढून टाकणं यातलं आता त्यानं नीट निवडून विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, मलेही टाकवलं नाही.

घरी आलो. बायको पापडाचं पीठ मळत होती. तिला विचारलं, आई होती तेव्हा लहाना दुपारचा येत होता का? तिनं हात न थांबवता सांगितलं, की येत होते ना भाऊजी, रोज येत होते, आत्याबाईचे पाय चेपून जात होते. मी तुमाले सांगत होती, तुमी आतून हूं म्हनत होते. मला ते हूं आठवत नाही. पण मी म्हणालो असेन. कोणाच्या पणजोबाला किती मुलं, याचा ताळमेळ लावताना माणूस हूं म्हणतो.

मधल्या खोलीत जाऊन बसलो. हिरवा दिवा लुकलुकत होता, दुपारची वेळ होती, इकडचं तिकडे जात असेल. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एवढे महिने मी पाळत ठेवली, नावं बदलली, धुळीची निमित्तं काढली, आणि सगळं कशासाठी, तर आईचं एक वाक्य भावाच्या कानावर जाऊ नये म्हणून. आणि भाऊ तेच वाक्य माझ्यापासून लपवत माझ्याच घरी चहा पीत होता. आईनं तिच्या लायन्याला बजावलं होतं, त्याले सांगू नको, वाईट वाटंन त्याले. तिला दिसत नव्हतं, की ती हे ज्याच्यापासून लपवायला सांगतेय, तोच तिच्यासमोर हातात मोबाइल धरून उभा आहे. त्या दिवशी तरी मी आलोच होतो, पण आजीचं नाव विचारायला. आई म्हणाली तसंच झालं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.